वन्संचं ‘बरं’

माझ्या नणंदेच्या तोंडी एकच शब्द असतो: बरं. दूध उतू गेलं तरी बरं, नवरा नोकरी सोडून घरी आला तरी बरं. दर शनिवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या एक गट घेतात. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असणारे लोक तिथे जमतात, रडतात, एकमेकांच्या अंगावर ओरडतात आणि वन्सं मधल्या खुर्चीत बसून बरं म्हणतात.

त्यांच्याच आईच्या चादरी मी धुते, म्हणून मीही त्या गटात. मला ती मंडळी फारशी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. निम्मे रडायला येतात आणि उरलेले दुसऱ्याचं रडणं ऐकून सुखावायला.

त्यातल्या एकाला मी मनातल्या मनात इस्त्रीसाहेब म्हणायचे. कडक शर्ट, सेंटचा भपका. कित्येक शनिवार तो तोंडात मूग धरून बसला होता. त्या दिवशी मात्र बोलला.

“मी एक युक्ती काढलीय. आईला दुपारनंतर पाणीच द्यायचं नाही. अंथरूण कोरडं राहतं. हात बांधून ठेवले की तांब्याही ओढत नाही. घरातला वासच गेला बघा.”

त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचा चेहरा किळसवाणा होता. शाबासकी मागत होता तो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवृत्त मास्तर ताडकन उठले. “याला बाहेर काढा आधी. हा माणूस आहे का कोण?” शेजारच्या शिवणवालीनं शी म्हणत आपली खुर्ची लांब ओढली.

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी चपला काढून दोन्ही तळवे गार फरशीला घट्ट टेकवले होते. खोलीत कुणाचं डोकं फिरलं की त्या हेच करतात. पाय टेकलेले असले की जीभ सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“मास्तर, बसा. राग येणारच. पण यांचं बोलणं संपायचंय अजून.” मग त्या इस्त्रीसाहेबांकडे वळल्या. “बरं. मग?”

मग, म्हणे. मला वन्संचीच शिसारी आली. एवढं ऐकून या बाईच्या पोटात ढवळत कसं नाही?

मास्तर धुसफुसत बसले आणि इस्त्रीसाहेब सुटलाच. बायको निघून गेलेली, कामावर डुलक्या लागतात, चादर हातात घेतली की ओकारी येते. वन्सं बरं, बरं करत राहिल्या. मग चहात साखर किती, असं विचारावं तशा सुरात म्हणाल्या, “आत्ता आईजवळ कोण आहे?”

“कुणी नाही. कुलूप लावून आलोय.”

“हात बांधलेलेच?”

“हो.”

“घर लांब आहे?”

“मागच्याच गल्लीत.”

“मग मी येते तुमच्याबरोबर. अंथरूण न भिजवता पाणी कसं पाजायचं, ते दाखवते. भावजयही येईल. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.”

तो मान डोलावून पुढे निघाला. जिन्यात वन्संनी माझं मनगट धरलं. “मळमळतंय गं मला,” त्या कुजबुजल्या. “पण त्याला हाकललं असतं तर त्यानं दार लावून घेतलं असतं. म्हातारी आत आहे.”

घर लख्ख होतं. फिनेलचा वास, दोरीवर ओळीनं शर्ट. आतल्या खोलीत पलंगाच्या दांडीला म्हातारीची दोन्ही मनगटं चादरीच्या पट्ट्यांनी बांधलेली. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत रक्त सुकलं होतं. आणि हा माणूस पलंगापाशी उभा राहून शर्टाची बाही सारखी करत होता. त्याला तिथंच कानफटवावंसं वाटलं मला.

वन्संनी गाठी सोडल्या. मी स्वयंपाकघरातून पेला भरून आणला, म्हातारीच्या मानेखाली हात घातला आणि तिच्या ओठांना पेला लावला. “घ्या मावशी, सावकाश.”

तिनं तोंड घट्ट मिटलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं, तशी ती दचकली आणि मान वळवून मुलाकडे बघत राहिली.

“पी,” तो म्हणाला.

मगच तिनं तोंड उघडलं.