बावड्याचा मेस्त्री आणि आमची लाँच

उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमची जुनी लाँच होती. गियर टाकलेला असला तरी चावी फिरवताच ती सुरू व्हायची आणि एकदम पुढं उसळायची. अशाच एका हिसक्यानं माझे चुलते, तात्या, मागच्या काठावरून थेट पाण्यात पडले. मग बावड्याहून मेस्त्री आणला.

हा माणूस इंजिनाशी सासऱ्याशी बोलावं तसा अदबीनं बोलायचा. "रागावू नगा, जरा झाकण काढतो," असं तो इंजिनाला म्हणाला आणि मला म्हणाला, "ए, सरक तिकडं!"

गियरच्या दांड्यापाशी त्यानं एक छोटा स्विच बसवला. "आता न्यूट्रलला आणल्याबिगर ही उठायची न्हाय."

तात्या किनाऱ्यावरूनच म्हणाले, "आदी दाव."

मेस्त्री मागं जाऊन तात्यांच्याच जागी, पाण्याकडं पाठ करून बसला. "गियर टाक. मार चावी."

मी भीत भीत चावी फिरवली. लाँच गप्प. न्यूट्रलला आणून पुन्हा फिरवली, तशी ती धडधडत सुरू झाली.

"पोहायला येतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाय की," मेस्त्री कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "येत असतं, तर वायर कशीबी जोडली असती."