लाइनमन मामांचा मोगरा

लाइनमन मामा कोणत्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीनं शिवत. चहाचा कप असो, दुसऱ्याच्या दाराची कडी असो की तापानं फणफणलेलं लेकरू असो, तळहात नंतर. आधी बोटांची उलटी बाजू. लहानपणी मला वाटायचं, त्यांचा तळहात दुखत असेल. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तळव्यानं धरलं अन् करंट असला तर मूठ आवळती, सुटत न्हाई. पाठीनं शिवलं की हात आपोआप मागं येतो. सवय हाय बाई. आता भाकरीलाबी तसंच शिवतो."

ते माझे सख्खे मामा नव्हते. चाकूरला आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढं अंगण. आमच्या गल्लीत नोकरीला लागलेले ते पहिले. माझे आई-वडील दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. शाळेतून आले की मी दप्तर टाकायची आणि मामांच्या अंगणात जाऊन बसायची. त्यामुळं मला मामा आठवतात ते खांबावर चढलेले नाही, अंगणात उकिडवे बसलेले.

होळी झाली की मामा अंगणाला लागत. खांबावर तारेखाली चिनीमातीचे पांढरे इन्सुलेटर असतात. फुटले की ते बदलतात आणि जुने तिथंच खाली टाकून देतात. मामा ते टाकलेले तुकडे सायकलच्या पिशवीतून घरी आणत. अंगणाच्या कडेनं, प्रत्येक आळ्याभोवती, ते अर्धे मातीत रोवून त्यांनी गोल गोल कुंपणं केली होती. दर उन्हाळ्याच्या तोंडावर ते सगळे धुऊन पुसून लखलखीत करायचे, मधल्या मातीला शेणकाला फासायचा आणि भिंतीला खालून हातभर गेरूचा पट्टा ओढायचा, असा त्यांचा नेम होता. येणारे-जाणारे चेष्टा करत. "मामा, कपबश्या पेरल्या का?" मामा मान वर न करता म्हणत, "हाव. मिरगाला किटली उगवती. या च्या प्यायला."

पाण्याची मात्र चेष्टा नव्हती. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. मामांनी न्हाणीच्या दगडापासून आळ्यांपर्यंत एक चर खणला होता. घरातल्या माणसांनी आंघोळ करायची ती झाडांसाठी. पाहुणा आला तरी मामी त्याला साबण कमी लावायला सांगायच्या. मामींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी पाणी मागितलं तर तांब्या, मोगऱ्यानं मागितलं तर हंडा! मीच येडी, मोगरा होऊन जन्मले न्हाई."

तो मोगरा म्हणजे पाच जुनी झुडपं. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारातल्या फोटोला पहिला हार मामांच्या मोगऱ्याचा, ही आमच्या गल्लीची रीत होती. बाकीचे हार लातूरहून यायचे, पण पहिला हा. त्यासाठी मामा संक्रांतीनंतर मोगऱ्याचं पाणी तोडत. तोडत म्हणजे अगदी बंद. वर एकेक पान हातानं ओरबाडून काढत. झुडपं काटक्यांची झाडणी उभी करून ठेवावी तशी दिसायची. मग होळीनंतर खत घालून भरपूर पाणी द्यायचं, आणि तीन-चार आठवड्यांत त्या काटक्या पांढऱ्याशुभ्र होऊन जायच्या. पाणी तोडलं, की मामा मधल्या झुडपाला दोरीनं एक पुठ्ठा बांधत. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असे, "काम चालू आहे. सप्लाय लावू नये."

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. पुठ्ठा लावून झाला आणि मामांना वीस दिवस दुसऱ्या तालुक्यात लाइन ओढायच्या कामावर पाठवलं. मी रोज त्या काटक्या बघायची. मला त्यांची इतकी दया आली की आमची भांडी घासलेलं पाणी मी चोरून मोगऱ्याला घालू लागले. मामी दुपारी झोपल्या की एक बादली. आठ-दहा दिवसांत कोवळी पानं फुटली. मला वाटलं, मामा खूश होतील.

मामा आले, पिशवी खांद्यावरच होती. त्यांनी खाली वाकून हाताची पाठ मातीला लावली आणि झटकन मागं घेतली, खरंच करंट लागल्यासारखी. "सप्लाय कोणी लावला?"

मामींनी माझ्याकडं बघितलं. मी रडायला लागले.

"परमिट घेतलं होतं का?" मामांनी विचारलं. खांबावर चढण्याआधी लाइन बंद करून घ्यायची, आणि वरचा माणूस खाली उतरून सांगत नाही तोवर ती कुणी चालू करायची नाही, याला ते परमिट म्हणत. "पाटी लावलेली व्हती. पाटी वाचता येती ना तुला? मी वर असतो म्हंजी?"

एवढंच. त्या वर्षी मोगरा पानांनी डवरला आणि फुलं जेमतेम ओंजळभर आली. मामांनी कडुलिंबाची कोवळी पालवी घेऊन तिच्यात ती फुलं लांब लांब ओवली. विहारात सगळे विचारत होते, "मामा, यंदा मोगरा रुसला का?" मी मागं आईच्या पदराआड उभी होते. मामा म्हणाले, "लाइन फॉल्टी व्हती." माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

बारावी झाल्यावर मी नांदेडला बीएस्सीला गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्गात सगळ्यांना सगळं आधीच माहीत आहे असं वाटायचं, आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. मग माझ्या डोक्यात मोगरा आला. मी ठरवलं, आपणही पाणी तोडायचं. सुट्टीत घरी जायचं नाही. एक वेळ जेवायचं. कुणाशी बोलायचं नाही, आईचा फोन आला तरी दोन शब्दांत ठेवायचा. सहन केलं की फुलं येतील, एवढा माझा हिशेब होता. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि मी दोन विषयांत नापास झाले.

होळीनंतर घरी आले ती परत न जाण्याच्या तयारीनं. आईला सांगायची हिंमत नव्हती, ती शेतावर गेली होती. मामा आता रिटायर झाले होते, अंगणात बसून इन्सुलेटर धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आता कॉलेज सोडते, असंही सांगितलं.

त्यांनी ओला हात धोतराला पुसला आणि हाताची पाठ माझ्या कपाळाला लावली. मग गालाला. मग मनगट हातात घेऊन बघत बसले.

"काय खातीस तिथं?"

मी म्हणाले, "मामा, तुम्ही मोगऱ्याला करता तसं केलं. पाणी तोडलं."

मामांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हातातला इन्सुलेटर त्यांनी बादलीत टाकला, पाणी उडालं. "कोणी सांगितलं तुला? आं? ह्या मोगऱ्याला पंधरा वर्सं झाली. खाली वीतभर न्हाई, हातभर मुळं हायत. त्याच्या जिवावर ते कळ काढतंय. पहिल्या वर्साच्या रोपाचं पाणी कोणी तोडतं का? वाळून जाईल ना ते!" जरा वेळानं आवाज खाली आला. "तू घरातली पहिली हायस. तुझ्या खाली कोणाचं मूळ हाय? तुला तर रोज पाणी पायजे, माय."

मग आत तोंड करून ओरडले, "अवो, हिला भाकर वाढा. अन् दोनदा वाढा."

मी परत गेले. रोज संध्याकाळी सात वाजता मामांचा फोन यायचा. अभ्यासाचं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते कळत असल्यासारखं कधी बोललेही नाहीत. एकच प्रश्न. "जेवलीस का?" मी हो म्हणाले की लगेच, "काय व्हतं?" पहिल्या आठवड्यात मी रोज बटाट्याची भाजी सांगितली, तर म्हणाले, "बटाट्याचं सांगायलीस, पण आवाज उपाशी हाय." त्यानंतर मी खोटं बोलायचं सोडलं. वर्गात विचारायलाही हळूहळू शिकले, कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं की न विचारता खांबावर चढणारा लाइनमन शूर नसतो, येडा असतो. राहिलेले दोन्ही विषय सुटले. निकाल सांगायला मी फोन केला, तेव्हा त्यांनी दोन्ही विषयांची नावं परत एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "हां. सप्लाय आला."

गेल्या पावसाळ्यात त्यांनी मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली होती. तिला मुळं फुटल्यावर कापून वेगळी लावली आणि भोवती इन्सुलेटरचं छोटं कडं केलं. मला म्हणाले, "हे तुझं. नोकरी लागली की घराम्होरं लाव." दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले तेव्हा त्यांना धाप लागत होती, तरी ते स्टँडपर्यंत आले. बस सुटताना खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझ्या कपाळाला हाताची पाठ लावली आणि म्हणाले, "हाय, ठीक हाय." महिन्याभरानं ते गेले. त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी मी फोन हातात धरून बसले होते. आईनं दुपारीच कळवलं होतं, तरीही.

संक्रांत झाली आणि मामींचा फोन आला. "माय, मोगऱ्याचं कधी तोडायचं? ह्यांनी मला कधी सांगितलंच न्हाई. मी नुसती भांडत राहिले."

मी शनिवारी चाकूरला गेले. पाचही झुडपांची पानं काढली, बोटं हिरवी होऊन गेली. मामींनी कपाटावरून तो पुठ्ठा काढून दिला, अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मी तो मधल्या झुडपाला बांधला. नांदेडला परत जाण्याआधी चराचं तोंड मातीनं बुजवलं.

मामी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. कडेच्या त्या छोट्या रोपाकडं बोट करून त्यांनी विचारलं, "अन् ह्याचं? ह्याचंबी तोडायचं का?"

मी खाली बसले. हाताची पाठ मातीला लावली. माती कोरडी होती.

"नाही मामी," मी म्हणाले. "हे पहिल्या वर्षाचं आहे. ह्याला रोज."

मामी आत गेल्या आणि पाण्याचा हंडा घेऊन आल्या.