पंधरा मिनिटांत गैरहजर

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला धक्का बसला तो याचा, की माझं ऐकलं जातं.

आमच्या घरात मी शेंडेफळ. आज भाजी कोणती करायची, हेसुद्धा मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि इथे उमरग्याला, हायवेलगत टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, आठ माणसांच्या कंपनीत मला खुर्ची देऊन सांगण्यात आलं की काय बनवायचं ते आता तुम्ही ठरवायचं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटची माहिती, औषधाची चिठ्ठी, नंबर लावणं, असलं सगळं. आतापर्यंत कंपनीच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या डोक्यात यायचं ते प्रोग्रॅमर करायचे. सर त्याला कंटाळले आणि त्यांनी मला ज्युनिअर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेतलं. माझ्याआधी हे काम करणारं कुणी नव्हतं. मी ज्युनिअर नेमकी कुणाची, हे विचारायचं राहूनच गेलं. वडिलांनी मात्र तुळजापुरात गल्लीभर सांगून टाकलं, पोरगी मॅनेजर झाली. ज्युनिअर हा शब्द त्यांनी सोयीस्करपणे गिळला.

पहिलं काम म्हणून सरांनी मला शुगरच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. दवाखान्यात बसा, अडचण कुठे आहे ते बघा. तिथले कंपाउंडर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा वहीत नंबर लिहायचे आणि स्वतःच मोडायचे. तीन नंबरचा माणूस बसलेला असताना सात नंबरच्या बाईला त्यांनी आत सोडलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मामा, हे काय? हे काका कधीचे बसलेत."

"त्येंची गाडी दीडला हाय ताई. हिची बाराला. ती चुकली तर सांजपत्तुर दुसरी गाडी न्हाय हिच्या गावाला."

एवढं स्वच्छ उत्तर मिळालं होतं. मी डायरीत लिहिलं, 'वशिला', आणि खाली दोन रेघा ओढल्या. शहाणपण तेव्हा माझ्या नाकातोंडातून वाहत होतं.

ऑफिसात येऊन मी सरांना सांगितलं, नंबर फोनवर द्यायचा. वेळ झाली की मेसेज जाईल, पेशंटनं पंधरा मिनिटांत 'आलो आहे' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर नंबर रद्द, पुढचा आत. सर वाद घालतील म्हणून मी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. ते म्हणाले, "छान आहे. करून टाका." प्रोग्रॅमरनं एवढंच विचारलं, "पंधरा की दहा?"

"पंधरा," मी म्हणाले. पंधराच का, देव जाणे. तोंडाला आलं ते बोलले.

दुपारी चारला ते तयार होतं. मेसेजही मीच लिहिला होता, 'रुग्ण गैरहजर असल्याने नंबर रद्द करण्यात आला आहे.' शुद्ध, नीटनेटकं, वडिलांच्या शाळेतल्या नोटिशीसारखं. मी स्क्रीनकडे बघतच राहिले. मी बोलले आणि ते झालं! कुणी अडवलं नाही, कुणी हसलं नाही. इतकं सोपं असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. खरं तर मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

मामांना मी समोर बसवून शिकवलं. "आता तोंडं बघायची नाहीत मामा. स्क्रीन बघायची." वही उचलून त्यांनी कपाटावर टाकली.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून दवाखान्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. थांबण्याचा वेळ धडाधड खाली आला होता. सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला. मी हवेत.

माझ्या समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फाईल. मी आले तेव्हाही त्या तिथेच होत्या. साडेबाराच्या सुमारास त्यांच्या कपाळावर घाम दिसला. डोक्यावर पंखा फिरत होता. मी म्हणणार होते, मावशी, बरं वाटत नाही का? तेवढ्यात पिशवी खाली पडली, आणि तिच्यामागोमाग त्याही.

डॉक्टर धावत आले. शेजारच्या बाईनं सांगितलं, "सकाळी गोळी घेतलीया, पन रक्त उपाशी द्याचं म्हनून काय खाल्लं न्हाय त्यांनी." साखर पार उतरली होती. ग्लुकोज, सलाईन, पाय वर. डॉक्टर मामांवर ओरडले, "उपाशी पेशंट दुपारपर्यंत बाहेर कसा?"

"मला वाटलं, नंबर लागायचाय अजून," मामा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तोंडं बघू नका म्हनलंय आमाला."

फाईलवरचं नाव मी लॅपटॉपवर शोधलं. तळाच्या लाल यादीत सापडलं. वेळ नऊची. नऊ वाजून पंधरा मिनिटांनी गैरहजर.

मी बाकाकडे पाहिलं. हात लांब केला असता तर त्यांना लागला असता.

नोंदवलेला फोन त्यांचा नव्हताच. मुलगा पुण्याकडे कारखान्यात, नंबर त्यानंच लावला होता, बटणाचा मेसेज त्यालाच गेला होता. आणि हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? आमच्या काकूच्या गॅसचा, आत्याच्या बँकेचा, चुलतभावाच्या लाइट बिलाचा, सगळ्यांचा मेसेज माझ्या वडिलांच्या फोनवर येतो. मी त्याच घरात वाढले. तरी मी 'पेशंटनं बटण दाबायचं' असं लिहिलं. पेशंट, फोन आणि बोट एकाच माणसाचं, असं मी कुठून शिकून आले?

पाऊण तासानं मावशींनी डोळे नीट उघडले. मी त्यांना दूध-बिस्किट दिलं. "लई तरास दिला बाई तुमाला," त्या म्हणाल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात मामांनी काउंटरवरचा फोन माझ्यासमोर धरला. "पोरगा हाय त्येंचा. तुमीच बोला."

पलीकडचा आवाज धापा टाकत होता. "ताई, आमची आई सकाळच्या गाडीनं निघालीया. शेजाऱ्यानं बसवून दिलं म्हनतोय. आन् तुमचा मेसेज, गैरहजर. फोन गेटवर जमा असतो ओ, आत्ता सुट्टीत बघितला. ती तिथं आलीच न्हाय. मग उतरली कुठं? हायवेला काय अ‍ॅक्सिडेंट बिक्सिडेंट झालाय का? गावातली दोघं मोटरसायकलवर बघत निघालीत रस्त्यानं."

मी फोन मावशींच्या कानाला लावला.

"आरं, हाय की मी," त्या म्हणाल्या. "हितंच हाय. सकाळधरनं हितंच बसलीया. रडतूस कशाला? जरा चक्कर आलती. हितं एक बाई हाय, लई चांगली हाय, तिनंच बघितलं माझ्याकडं."

फोन पुन्हा माझ्या हातात आला. तो आभार मानायला लागला, तुमी व्हता म्हनून ताई, तुमी व्हता म्हनून. मी गप्प राहिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. पण ते आभार मला ऐकवेनात.

"दादा, तो मेसेज मी लिहिलेला आहे," मी म्हणाले. "गैरहजरचा नियमही माझाच."

तो रागावेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं साध्या आवाजात विचारलं, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"मग ती तिथं हाय का न्हाय, ते बघितलं न्हाय का तुमी?"

"नाही," मी म्हणाले.