बंदरकाकांच्या दारातली पेशी

ग्वाल्हेरपासून समुद्र कुठल्या कुठे, आणि आमचे काका वकील कशाचे, तर बंदरावर अडकलेल्या मालाचे! परदेशातून काही मागवलं आणि कस्टमने धरलं, की लोक इंदरगंजातल्या त्यांच्या ऑफिसचा जिना चढत. आम्ही मराठी घरांतली मंडळी त्यांना कौतुकाने बंदरकाका म्हणायचो. कॉलनीतल्या हिंदी पोरांना त्यात माकडाखेरीज काही दिसेना. "बंदर काका आ गए!" अशी आरोळी उठली की काका खरंच काख खाजवून दाखवत. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अहो, आधी तो काळा कोट तरी काढा!"

"निर्बंध म्हणजे मनाई नव्हे," हे त्यांचं पालुपद. मनाई असलेला माल गेलाच समजा. निर्बंध असलेला परवान्यावर येतो, नाहीतर दंड भरून सुटू शकतो. हा कायदा ते स्वतःच्या मधुमेहालाही लावत. गुलाबजामची वाटी पुढे आली की काकूंकडे न बघता म्हणत, "निर्बंधित माल आहे. एक सोडता येईल." आणि तीन सोडवत.

आमचं त्यांच्याशी काम पडलं ते बाबांमुळे. लकव्याने बाबांचे पाय गेले होते. घरात चाकांची खुर्ची होती, पण बाबा काही उंबरा ओलांडेनात. "जन्मभर शाळेत पोरांना मी पुढे ढकललं. आता मला कोणी ढकलायचं नाही!" मग जर्मनीतल्या दादाने तिकडच्या एका आजोबांची विजेवर चालणारी खुर्ची बोटीने पाठवली. बटण दाबलं की आपली आपण चालणारी. बाबांनी त्याच दिवशी चपला पुसून दाराशी ठेवायला लावल्या. आणि बंदरात खुर्ची जप्त! का, तर वापरलेला माल, आणि परवाना नाही. बाबांनी चपला परत कपाटात ठेवायला सांगितल्या, तेव्हा मला रडूच फुटलं.

अपिलाची सुनावणी कॉम्प्युटरवर होती. काका लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच आले. वर कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, खुर्ची विकायला आणली नाही कशावरून? काकांनी लॅपटॉप बाबांच्या पलंगाकडे फिरवला. "ये रहे व्यापारी, साहब. पूछ लीजिए, कितने में देंगे."

बाबा भडकले. "अजिबात देणार नाही! खुर्ची माझी आहे!"

साहेबांना मराठी येत असावं, कारण ते खो खो हसले. मग काकांनी डॉक्टरांचे कागद दाखवले, आणि थोडका दंड लावून खुर्ची सुटली.

बाबांनी फी विचारली. "फी नको, मास्तर," काका म्हणाले. "रोज संध्याकाळी माझ्या दारात पेशी. एकट्याने यायचं. गैरहजर राहिलात, तर खुर्ची जप्त!" आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशीच म्हणतात.

पहिल्या दिवशी बाबा हरिशंकरपुरमच्या दोन गल्ल्या पार करून गेले. मागे कुत्री भुंकत होती, आणि त्यांच्याही मागे मी, लपतछपत. फाटकाशी काका उभेच. "मास्तर हाजिर हो!" असे ओरडले की सगळी गल्ली बाहेर आली. मग रोजचंच झालं ते. चहा, भांडणं, आणि काकूंची नजर चुकवून एखादा निर्बंधित माल.

गेल्या थंडीत काका गेले. साखरेनेच. मला त्यांचा फार राग आला, अजून येतो. त्या तिसऱ्या गुलाबजामची काय गरज होती? काकू लेकीकडे गेल्या आणि फाटकाला कुलूप लागलं. आता बाबा पुन्हा घर धरून बसणार, असंच मला वाटलं.

काकूंना गाडीत बसवून दिलं त्याच संध्याकाळी बाबांनी चपला मागितल्या.

"बाबा, कुठे निघालात? तिथे आता कोणी नाही हो."

"माहीत आहे," खुर्चीचं बटण दाबत ते म्हणाले, "पण हजर नाही राहिलो, तर खुर्ची जप्त होईल, पोरी."