पट्टे कुठून सुरू होतात

साप निघाला म्हटलं की लोक विचारतात, केवढा होता? आमची मोठी काकी विचारायची, "पट्टं कुठशी चालू होतान?" कोलशेतला मिठागरांच्या कडेने तिचा जन्म गेला होता. मी तिच्याकडे राहून ठाण्याला सकाळच्या कॉलेजात जायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे.

भाकऱ्या झाल्या की ती काळ्या तव्याच्या पाठीवर पिठाच्या बोटाने आडवे पट्टे ओढायची. "मानेशी ठलक नि शेपटीकडं पुसट, तो कवड्या. इख नाय बिचाऱ्याला. डोक्याशी कोरी नि खाली जोडीजोडीनं दाट, ती मन्यार. चावली तरी दुखत पन नाय."

"काकी, तू आमच्या कॉलेजात शिकवायला हवंस," मी म्हणायची.

"मंग भाकऱ्या कोन थापील, तुजं सर?"

गावाशी तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. मारलेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी राहते, जोडीदार सूड घ्यायला येतो, म्हणून साप लगेच जाळायचा. काकी ओरडायची, "डोलं फोडा, पन आंग ठेवा. मना बगू द्या." बाळाकाका, तिचा धाकटा दीर, हसायचा. "वयनी, सापाची सोयरीक जुलवाची हाय का?"

त्या पावसाळ्यात काकी पहाटेच निवट्या माशांची पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात गेली होती. परत येताना आम्ही दोघी एकाच बसने आलो. अंगणात राखेचा ढीग होता, रॉकेलचा वास होता. सकाळी मोठ्या काकांच्या गोधडीतून पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला होता. बाळाकाकाने तो मारला आणि जाळला. काकांच्या बोटाला काहीतरी टोचल्यासारखं झालं होतं. पण सूज नाही, ठणका नाही. कवड्याच असेल म्हणून सगळे निर्धास्त होते. काकांनी चहासुद्धा घेतला होता.

काकीच्या हातातून पाटी पडली. "पट्टं कुठशी होतं?"

एक म्हणाला मानेशी, दुसरा म्हणाला शेपटीशी. बाळाकाका म्हणाला, "सगल्या आंगावर." काकीने गरम राखेत हात घातला. हाताला नुसते कोळसे लागले.

मग तिने काकांकडे पाहिलं. त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. "झोप येते गं," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

"रिक्षा आना!" तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रिक्षात ती दोन्ही अंगठ्यांनी त्यांच्या पापण्या वर धरून बसली होती. "माज्याकडं बगा. झोपू नका वो." मी त्यांचे तळपाय चोळत होते. श्वास तुटत चालला होता. सरकारी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणायला हवं होतं." संध्याकाळी काका गेले.

बाळाकाका जेवेना. दहाव्यानंतर तो उंबऱ्यावर येऊन बसला. "वयनी, मी जालला नसता, तुना पट्टं बगितलं असतं, तं दादा वाचला असता का गं?"

डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं. तिनेही ऐकलं होतं.

"नाय रं," ती म्हणाली. "मन्यारच ती. लवकर नेला असता, तरी काय उपेग नव्हता." तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "जेव."

तो रडत रडत जेवला. काकी आत आली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला टेकली. तरी आवाज फुटत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी स्टोव्ह पेटवला आणि जोरजोरात पंप मारत राहिले. वर ठेवायला काहीच नव्हतं.