दोष कुठल्या टोकाला?

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या उत्तरा कारखानीस यांचं डच सुधारलं ते याप नावाच्या एका म्हाताऱ्यामुळे, आणि तेही त्यांना एकदाही न भेटता. उत्तराताई आइंडहोवनच्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम करतात. हौशी रेडिओचं, म्हणजे दूरच्या माणसांशी रेडिओवरून बोलण्याचं, लायसन्स त्यांनी इथेच परीक्षा देऊन काढलं. दर शनिवारी सकाळी छोटा रेडिओ आणि वायरची अँटेना सायकलला बांधून त्या गावाबाहेरच्या माळावर जात. तिथून रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला राहणाऱ्या यापशी अर्धा तास गप्पा होत. याप एक्क्याऐंशीचे, एकटेच राहणारे.

मागच्या नोव्हेंबरात यापचा आवाज मधेच तुटू लागला. दोन वाक्यं नीट यायची, तिसरं गायब. उत्तराताईंनी घरी रेडिओ टेबलावर मांडून दोन तास चालवला. बॅटरी बदलली, केबल बदलली, सगळे जोड मीटरने तपासले. एकदाही बिघाड दिसेना. पुढच्या शनिवारी त्यांनी सांगून टाकलं की, माझा सेट ठीक आहे, दोष तुमच्याच बाजूला असणार. यापनी ते मानलं आणि शेजाऱ्याला छपरावर चढवून अँटेना उतरवली.

त्यानंतरच्या शनिवारी याप अर्थातच रेडिओवर नव्हते. उत्तराताई माळावर बसून दुसरी स्टेशनं ऐकू लागल्या. एक जर्मन माणूस बोलत होता, तो तुटला. मग एक बेल्जियन, तोही तुटला. सगळ्यांच्या अँटेना एकाच वेळी बिघडणं शक्य नव्हतं.

घरी आणल्यावर रेडिओ पुन्हा ठणठणीत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माळावर जेमतेम चार अंश होते आणि घरात वीस. त्यांनी रेडिओ पिशवीत गुंडाळून सरळ फ्रिजमध्ये ठेवला. कोथिंबीर काढायला आलेल्या नवऱ्याने, सुश्रुतने, हा किती दिवस टिकतो एवढंच विचारलं.

तासाभराने रेडिओ चालू केला तर आवाज तुटत होता. झाकण उघडून त्या लाकडी काडीने आतला एकेक भाग हळूच दाबत गेल्या. अँटेनाच्या सॉकेटपाशी दाबलं की आवाज येई, काडी उचलली की जाई. भिंगाखाली पाहिलं तर सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर. थंडीत ती उघडत होती, घरच्या उबेत मिटत होती. दोन वर्षांपूर्वी ते सॉकेट त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

जोड पाच मिनिटांत नवा झाला. सुश्रुत म्हणाला, यापना मेसेज कर. पण उत्तराताईंना ते पटेना. दुसऱ्या दिवशी त्या ट्रेनने यापच्या घरी निघाल्या.

दार उघडणारे याप उंच होते, पाठीत थोडे वाकलेले. उत्तराताईंनी उंबऱ्यातच सांगितलं, "दोष माझ्याकडचा होता. तुमची अँटेना मी उगाच उतरवायला लावली."

याप म्हणाले, "मला तसं वाटलं होतं. पण तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, की मी माझ्याच कानांवर शंका घेऊ लागलो. या वयात तेवढं पुरतं."

उत्तराताईंनी शिडी कुठे आहे ते विचारलं.

चारच्या सुमाराला वायर छपरावर ताणून झाली. यापनी सेट चालू केला. पहिलं स्टेशन स्वच्छ ऐकू आलं, तसे ते उठले आणि सेटसमोरची आपली खुर्ची त्यांनी उत्तराताईंपुढे सरकवली.