तारेला ताप आला की

माझा मामा तीस वर्षं विजेच्या तारांखालून चालतोय. वर बघत चालतो, म्हणून दोनदा गटारात पडलाय. मामी म्हणते, मी केस कापले तरी याला दिसत नाही, तार वीतभर खाली आली की लगेच दिसते.

तार तापली की लांबते, लांबली की झोळ पडतो. कडक ऊन, वाढलेलं लोड, पडलेला वारा, सगळं त्या झोळात कळतं. मामाकडे मीटर नाही. गोदामामागे एक दगड आहे. त्यावर उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा. पलीकडच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याच्या वर तार दिसली तर ठीक. कठड्याला टेकलेली दिसली की मामा म्हणतो, "ताप आलाय."

मी नववीत शाळा सोडली तेव्हा पोरगी वाया गेली म्हणून घरात नुसता दंगा. मामाने मला त्या दगडावर नेऊन उभं केलं. आता मीपण लाइनवरच आहे, त्याच्याबरोबर. तो दगड त्याने दुसऱ्या कुणालाच दाखवला नव्हता.

मग नवीन इंजिनियर मॅडम आली. ऑफिसच्या गच्चीवर वारा मोजायचं फिरतं यंत्र लावलं. आठवड्यात मामा तिला 'बाळा' म्हणायला लागला. मला काय, तर 'ए ढब्बू'. डब्यातलंही आधी तिला. तारेचा ताप राहू दे, माझ्या डोक्याला ताप हीच.

एका दुपारी शेजारची लाइन बंद पडली. तिचं लोड आमच्या लाइनवर घ्यायचं ठरलं. मॅडम म्हणाली, यंत्रावर वारा भरपूर दिसतोय, तार गार राहील. मामाने परवानगीच्या कागदावर सही केली आणि मला दगडाकडे पिटाळलं.

वारा होता, खोटं कशाला बोलू. पण तारेच्या लांबीने वाहत होता. आडवा लागला तर तार निवते, असा वाहिला तर नुसता शेजारून निघून जातो. हे मामानेच शिकवलेलं. तार कठड्याला टेकली. मग आणखी खाली. फोन हातात होता, पण केला नाही. म्हटलं, उतरू दे अजून. कळू दे बाळ किती हुशार आहे ते.

तेवढ्यात गोदामाच्या आवारात, तारेखालीच, क्रेनचा दांडा वर यायला लागला. आणि सही मामाची होती. ओरडून क्रेन थांबवली, मग फोन लावला.

"मामा, ताप आलाय."

लगेच लोड उतरवलं. थोड्या वेळाने मामा मॅडमला घेऊन आला आणि सरळ दगडावर चढवलं. माझ्या दगडावर.

"डावा डोळा मीट, बाळा."

तिने नीट बघितलं. मग मला विचारलं, तार कठड्याला नक्की किती वाजता टेकली. मी दहा मिनिटं खाऊन उशिराची वेळ सांगितली. मामाने माझ्याकडे बघितलं. तार किती वेळात किती उतरते, हे त्याला पाठ आहे.

"सरक जरा, ढब्बू," एवढंच म्हणाला. "दोघी मावता."

सरकले. चार बोटं.